पद्मिनीत नवा आवाज, तोही एकही नवे छिद्र न पाडता

जुन्या फियाटमध्ये बसून स्वच्छ आवाजात गाणी ऐकावीशी वाटणे अगदी रास्त आहे. मात्र या इच्छेपायी ज्या गाड्यांचे दार, डॅशबोर्ड आणि मागच्या काचेखालची फळी कायमची कापली गेली, त्यांची संख्या मुंबई-पुण्यात थोडीथोडकी नाही. ऑडिओच्या दुकानात काम करणारा मुलगा कुशल असला, तरी त्याचा हात आजच्या गाड्यांवर बसलेला असतो. पन्नास वर्षांपूर्वीचा पत्रा कापला की तो पुन्हा मिळत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. माझ्या स्वतःच्या पद्मिनीत हे काम करून घेताना आणि पुढे काही ओळखीच्यांच्या गाड्यांत ते जवळून पाहताना जे कळले, ते नवख्या मालकांसाठी येथे क्रमाने मांडत आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डिलाइट, त्यानंतरची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. अँबेसेडर, हेराल्ड किंवा जीप असणाऱ्यांनाही बहुतेक पायऱ्या लागू पडतील. जेथे फरक आहे तेथे तसे सांगितले आहे.

संपूर्ण कामाला एकच कसोटी लावावी. जे काही बसवाल ते पाना आणि पेचकस एवढ्याच हत्यारांनी एका दिवसात काढता आले पाहिजे, आणि काढल्यावर गाडीवर त्याची खूण राहता कामा नये. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ साली स्वीकारलेल्या तुरिन सनदेचा रोखही असाच आहे: जुन्या वाहनातला बदल शक्यतो पूर्ववत करता यावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

१. कामाला हात लावण्यापूर्वी गाडीची आजची स्थिती नोंदवा

या गाड्या कारखान्यातून बाहेर पडताना त्यांत बहुधा रेडिओ नसे. तो विक्रेता किंवा मालक नंतर बसवून घेत असे. त्यामुळे तुमच्या गाडीत आज जे आहे ते तीन थरांपैकी एक असण्याची शक्यता असते: साठ-सत्तरच्या दशकातला मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हचा, दोन गोल बटणांचा रेडिओ, ऐंशीच्या दशकातला, पुष्कळदा आखाती देशांतून आणलेला कॅसेट डेक, किंवा त्यानंतर कोणीतरी घातलेला सीडी प्लेअर. पहिले दोन थर जपण्याजोगे आहेत असे माझे मत आहे. १९८२च्या पद्मिनीतला त्याच काळातला कॅसेट डेक हा त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. तो काढून तेथे साठच्या दशकातला रेडिओ बसवणे हा उलट खोटेपणा ठरतो. सीडी प्लेअर मात्र निःसंकोच काढावा.

डॅशबोर्ड समोरून आणि खालून, दाराचे आतले ट्रिम (आच्छादन), मागची फळी, एरियलची जागा, फ्यूजची पेटी आणि बॅटरीच्या टर्मिनलांजवळच्या सर्व तारा यांचे भरपूर उजेडात फोटो काढा. कोणती छिद्रे आधीपासूनच आहेत याची वहीत स्वतंत्र नोंद करा, कारण पुढे तीच छिद्रे तुमचे भांडवल ठरणार आहेत.

गाडी पन्नास वर्षे ओलांडलेली असेल किंवा त्या वयाला आली असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असणे आणि चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसणे ही अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अशा गाडीचा रोजच्या प्रवासासाठी वापर करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. १९७४ची पद्मिनी २०२४ मध्ये या वयोमर्यादेत आली. एखादा ॲम्प्लिफायर (स्पीकरसाठी आवाज वाढवणारे यंत्र) सीटखाली ठेवल्याने ही पात्रता जाणार नाही. पण पत्रा कापून घेतलेल्या गाडीला ‘मूळ स्वरूपात’ म्हणणे अवघड होते, आणि रॅलीतल्या परीक्षकांची नजरही सर्वप्रथम डॅशबोर्डवरच जाते.

२. कागदपत्रे, हत्यारे आणि साहित्य जमवा

कागदपत्रांपैकी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये असाव्यात:

- नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा आणि पीयूसी
- गाडीचे मूळ माहितीपुस्तक किंवा निदान त्यातील वायरिंगच्या आकृतीची प्रत
- काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो, तारखेसह
- नव्याने घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे बिल

हत्यारे आणि साहित्य:

- डिजिटल मल्टिमीटर, शक्य असल्यास डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, आणि साधा टेस्ट लॅम्प
- तारेला टोक दाबून बसवणारे चांगले क्रिंपिंग हत्यार, सोल्डर गन, उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या
- शुद्ध तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची केबल, फ्यूज होल्डर, वेगवेगळ्या क्षमतेचे फ्यूज, एक रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा खटका)
- रबरी ग्रोमेट (तार पत्र्यातून नेताना भोकात बसवायची कडी), दातेरी वॉशर, कापडी टेप, पेट्रोलियम जेली
- सहा मिलिमीटर आणि बारा मिलिमीटर जाडीचा प्लायवूड, गाडीतल्यासारखेच रेक्झिन

मुंबईत सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली हे नेहमीचे ठिकाण आहे. जुन्या रेडिओचे बटण, पट्टी किंवा आख्खा बंद पडलेला रेडिओ हवा असेल तर चोर बाजार किंवा पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळावा लागतो. केबल घेताना मात्र सावध राहावे. बाजारातली पुष्कळ स्वस्त ‘ॲम्प किट’ वरून तांब्यासारखी दिसत असली तरी आत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. तार सुरीने खरवडून पाहिली की आतली पांढुरकी धातू दिसते. अशी तार जास्त तापते आणि आपल्या दमट हवेत तिची टोके लवकर सडतात.

३. गाडीत वीज किती शिल्लक आहे ते मोजा

बहुतेकांचा घोटाळा येथे होतो. आजच्या गाडीत जे सहज चालते ते डायनॅमोच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या वीजजनित्राच्या, गाडीत चालत नाही. पद्मिनीच्या उत्तरकाळातल्या गाड्यांत ऑल्टरनेटर, म्हणजे अधिक वीज देणारे नवे जनित्र, आला. त्याआधीच्या गाड्यांत डायनॅमो आणि त्याची वीज नियंत्रित करणारी पेटी, म्हणजे कटआउट, आहेत. या पिढीतल्या डायनॅमोची क्षमता साधारण १५ ते २२ अँपिअरच्या दरम्यान असते. तुमच्या डायनॅमोवर पट्टी शाबूत असेल तर नेमका आकडा तेथे वाचता येईल.

आता खर्च मांडा. पंचेचाळीस वॉटचे दोन हेडलॅम्प म्हणजे साडेसात अँपिअर, मागचे व डॅशबोर्डचे दिवे मिळून सुमारे दोन, इग्निशनला तीनच्या आसपास आणि पावसात वायपरला आणखी दोन-तीन. म्हणजे पावसाळ्याच्या रात्री डायनॅमोची जवळजवळ सगळी कमाई आधीच संपलेली असते. त्यातही सिग्नलला गाडी उभी राहिली की मंद फेऱ्यांवर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही; तेव्हा सगळा भार बॅटरीवर पडतो.

ॲम्प्लिफायरचा खर्च असा काढावा. दोन्ही बाजूंना खरे ५० वॉट म्हणजे १०० वॉट. क्लास डी, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या, प्रकारचा ॲम्प्लिफायर साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर त्याला १२५ वॉट लागतील, म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअरहून थोडे अधिक. हा अखंड पूर्ण आवाजाचा हिशेब झाला. प्रत्यक्ष संगीतात सरासरी खर्च याच्या बऱ्याच खाली राहतो. डायनॅमोच्या गाडीत दोन्ही बाजूंना २० ते २५ खऱ्या वॉटवर थांबावे, आणि ऑल्टरनेटर असेल तरच पन्नासचा विचार करावा, असा माझा आग्रह आहे. खोक्यावर छापलेले ‘१००० वॉट’ वाचून घाबरू नये आणि भुलूही नये. त्यावर कोणता फ्यूज दिला आहे ते पाहावे: दहा अँपिअरचा फ्यूज असलेले यंत्र बारा व्होल्टला १२० वॉटहून अधिक खेचूच शकत नाही.

मोजमापाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत; १२.२ दिसत असतील तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. इंजिन मध्यम फेऱ्यांवर नेल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट यावेत. त्यानंतर हेडलॅम्प लावून तोच आकडा पुन्हा पाहावा. तो तेराच्या खाली घसरत असेल तर आधी डायनॅमोचे ब्रश, पट्टा आणि कटआउट ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावेत. संगीताचा विचार त्यानंतर करावा.

याच वेळी अर्थिंग कोणत्या बाजूचे आहे याचीही खात्री करून घ्यावी. फियाटमध्ये बॅटरीचे ऋण टोक बॉडीला असते. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र धन टोक बॉडीला असते, आणि काही फार जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असतात. अशा गाडीत आजचा ॲम्प्लिफायर सरळ जोडला तर तो क्षणात जळतो. जुन्या काही रेडिओंना मागे धन-ऋण बदलण्याचा खटका किंवा प्लग असतो. तो कोणत्या स्थितीत आहे हे पाहिल्याशिवाय विजेची तार लावू नये.

४. समोर दिसणाऱ्या रेडिओचे काय करायचे ते ठरवा

येथे चार मार्ग आहेत, आणि मी ते माझ्या पसंतीच्या क्रमाने देत आहे.

पहिला मार्ग म्हणजे रेडिओला हात न लावणे. तो डॅशबोर्डमध्ये जसा आहे तसा राहू द्यावा, आणि ब्लूटूथ रिसीव्हर असलेला छोटा ॲम्प्लिफायर सीटखाली किंवा ग्लव्ह बॉक्समागे ठेवावा. आवाज फोनवरून कमीजास्त करता येतो. मूळ रेडिओ त्याच्या मूळ स्पीकरवर स्वतंत्रपणे चालत राहतो. दोन यंत्रणा एकमेकींना शिवत नाहीत, त्यामुळे बिघाड शोधणेही सोपे जाते.

दुसरा मार्ग कॅसेट डेक असणाऱ्यांसाठी आहे. ज्याच्या एका टोकाला तार किंवा ब्लूटूथ असते असे कॅसेटच्या आकाराचे ॲडॉप्टर डेकमध्ये घातले की फोनचा आवाज डेकच्या हेडमधून, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागातून, आत जातो. काहीही उघडावे लागत नाही. अट एवढीच की डेकचा रबरी पट्टा आणि पिंच रोलर (फीत पुढे ओढणारे रबरी चाक) ठीक असावेत आणि हेड स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसलेले असावे.

तिसरा मार्ग म्हणजे चालू असलेल्या जुन्या रेडिओमध्ये बाहेरून आवाज आत घेण्याची सोय करणे. हे काम जुने ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. मात्र त्याने काय करायला हवे ते तुम्हाला ठाऊक असावे. रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला कॅपॅसिटरमार्गे बाहेरचा संकेत (सिग्नल) दिला जातो. जुना रेडिओ मोनो असल्याने फोनच्या डाव्या व उजव्या वाहिन्या एकत्र कराव्या लागतात, पण त्या थेट एकमेकींना जोडू नयेत. प्रत्येकीत एक किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर घालून मगच जोडाव्यात, नाहीतर फोनच्या दोन वाहिन्या एकमेकींवर भार टाकत राहतात. प्लग घातला की रेडिओचा स्वतःचा संकेत आपोआप तुटेल असा खटका असलेला जॅक घ्यावा, आणि तो डॅशबोर्डला छिद्र पाडून न बसवता रेडिओच्या मागून तारेवर लोंबता ठेवून ग्लव्ह बॉक्समध्ये आणावा.

रेडिओ उघडलाच आहे तर त्याच बैठकीत त्याचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलून घ्यावेत. ते इतक्या वर्षांत सुकलेले असतात, आणि गुणगुण, क्षीण आवाज किंवा ‘टुक टुक टुक’ असा ठेका ही त्याची लक्षणे आहेत. नवे कॅपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचे असावेत. साठच्या दशकातल्या रेडिओत एएफ ११७ जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतील तर त्यांचा एक प्रसिद्ध रोग आहे: धातूच्या टोपीच्या आत कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि ते आतल्या टोकांना टोपीशी जोडून टाकतात. टोपीशी जोडलेला चौथा पाय कापला की पुष्कळदा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. हे ठाऊक नसलेला कारागीर आख्खे सर्किट बदलायला निघतो. वाल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ असेल तर तो घरी मुळीच उघडू नये, कारण त्यात शेकडो व्होल्ट निर्माण होऊ शकतात आणि तार काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

चौथा मार्ग म्हणजे रेडिओचा बाहेरचा चेहरा ठेवून आतले सर्व काढून तेथे नवे एफएम-ब्लूटूथचे सर्किट घालणे. हे काम देखणे होते, हे मान्य आहे. परंतु चालू रेडिओचा असा कोथळा काढण्यास माझा ठाम विरोध आहे. असे करायचेच असेल तर त्याच नमुन्याचा मेलेला रेडिओ जुन्या बाजारातून मिळवावा, त्यात नवे सर्किट घालून तो गाडीत बसवावा, आणि मूळ रेडिओ कोरड्या जागी, वर चिठ्ठी लावून ठेवून द्यावा.

मूळ रेडिओवर आकाशवाणीचे मीडियम वेव्ह ऐकण्याची ज्यांना ओढ आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्लास डी ॲम्प्लिफायर, पाच व्होल्ट देणारे स्वस्त स्विचिंग कन्व्हर्टर आणि लायटरच्या सॉकेटमधले फोन चार्जर हे तिघेही नेमक्या ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर ओततात. अशा गाडीत जुन्या धाटणीचा क्लास एबी ॲम्प्लिफायर वापरावा आणि ब्लूटूथच्या तुकड्याला ७८०५ या साध्या रेग्युलेटरमधून वीज द्यावी. वीज थोडी अधिक जाते, पण रेडिओ शांत राहतो. एफएमचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा या त्रासापासून बराचसा मुक्त असतो.

५. स्पीकरसाठी जागा शोधा, करू नका

ॲम्प्लिफायर लहान ठेवायचा असेल तर स्पीकर संवेदनशील असला पाहिजे. स्पीकरच्या माहितीपत्रकात एका वॉटला किती डेसिबल ते दिलेले असते. ८७ आणि ९० डेसिबल यांतला तीनचा फरक किरकोळ वाटतो, परंतु तेवढा फरक भरून काढण्यासाठी ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करावी लागते. डायनॅमोच्या गाडीत म्हणूनच पैसे ॲम्प्लिफायरऐवजी स्पीकरवर खर्च करावेत. आपल्या हवेत कागदी शंकूपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा शंकू अधिक टिकतो.

जागेचे पर्याय असे आहेत. पद्मिनीचे पुढचे सलग सीट ही मोठीच सोय आहे, कारण त्याखाली बारा मिलिमीटर प्लायवूडचे दोन बसके खोके फेल्टमध्ये गुंडाळून ठेवता येतात आणि सीटच्याच बोल्टला पट्टीने आवळता येतात. स्टेअरिंगवर गिअर असलेल्या गाडीत मधली जमीनही मोकळी असते. दुसरा पर्याय म्हणजे प्रतिरूप ट्रिम. दाराचे ट्रिम आणि मागची फळी हे मुळात हार्डबोर्डवर रेक्झिन चढवून केलेले असतात. मूळ तुकडा काढून, त्याबरहुकूम सहा मिलिमीटर प्लायवूडचा दुसरा तुकडा कापून घ्यावा, त्यावर त्याच पोताचे रेक्झिन चढवावे आणि स्पीकरचे भोक त्यातच पाडावे. मूळ तुकडे सपाट झोपवून, कोरड्या जागी ठेवावेत. उभे टेकवून ठेवले की ते वाकतात.

दारात स्पीकर बसवण्यापूर्वी काच पूर्ण खाली उतरवून तिच्यापासून किती खोली उरते ते मोजावे, कारण स्पीकरचे चुंबक काचेला किंवा तिच्या यंत्रणेला आपटण्याचे प्रकार सर्रास होतात. शिवाय काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतच असते. स्पीकरच्या मागे प्लास्टिकचे छत्र लावावे आणि दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके मोकळी आहेत हे पाहावे. खरे सांगायचे तर मी दारापेक्षा सीटखालची जागाच सुचवेन.

डॅशबोर्डमध्ये मूळची एकाच स्पीकरची जागा असेल तर दोन कॉइल असलेला स्पीकर तेथे बसवता येतो. एका कॉइलला डावी आणि दुसरीला उजवी वाहिनी दिली की एकाच जागेतून दोन्ही ऐकू येतात. मूळ रेडिओच्या मूळ स्पीकरची मात्र अदलाबदल करू नये. त्याच्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडला किंवा स्पीकर न जोडताच रेडिओ चालू केला, तर जुने आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात.

६. वायरिंग स्वतंत्र ठेवा

मूळ वायरिंगची एकही तार कापू नये. तार न कापता तिला चिमटीसारखे चावणारे प्लास्टिकचे क्लिप दुकानदार आवर्जून सुचवतात. ते तारेची कातडी फोडतात आणि एका पावसाळ्यात आत गंज चढतो.

ॲम्प्लिफायरची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवावा. त्यापुढची तार कोठेही पत्र्याला घासून उघडी पडली, तरी आगीपूर्वी फ्यूज जाईल. फ्यूजची क्षमता तारेला झेपेल अशी ठरवावी. बॅटरीवरून वीज घ्यायची म्हणजे किल्ली फिरवल्यावरच ती पुढे जावी यासाठी मधे रिले हवा. त्या रिलेला चालना देणारी बारीक तार फ्यूजपेटीतल्या किल्लीनंतरच्या टोकाला जोडावी. जुन्या इग्निशन स्विचमधून ॲम्प्लिफायरचा सगळा प्रवाह नेला तर त्याचे संपर्क जळतात.

इंजिनाकडून आत येण्यासाठी नवे छिद्र लागत नाही. स्पीडोमीटरची केबल किंवा मूळ तारांचा जुडगा जेथून आत येतो, तेथल्या रबरी ग्रोमेटमधून चार चौरस मिलिमीटरची तार बहुधा जाते. ग्रोमेट कडक झालेला असेल तर तो या निमित्ताने बदलावा. अर्थिंगसाठी अस्तित्वात असलेलाच बोल्ट वापरावा, त्याखाली दातेरी वॉशर घालावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. विजेची तार गाडीच्या एका बाजूने आणि संकेताची तार दुसऱ्या बाजूने न्यावी. जोडांवर पीव्हीसी टेप लावू नये. आपल्या उन्हाळ्यात तिचा चिकट राळ होतो.

महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी बॅटरीचा कटऑफ स्विच अत्यावश्यक समजावा. ब्लूटूथचा एखादा तुकडा बंद असतानाही पन्नास मिलिअँपिअर पीत असेल, तर तीस दिवसांत छत्तीस अँपिअर-तास संपतात. म्हणजे या गाडीची बॅटरी जवळजवळ रिकामी. आणि उभ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, तेव्हा फ्यूज बॅटरीजवळ का हवा हे वेगळे सांगावे लागत नाही.

७. खरखर शोधा आणि तिच्या उगमाशीच बंद करा

नवी यंत्रणा बसली की इंजिन चालू करताच तऱ्हेतऱ्हेचे आवाज येतात. पुष्कळ जण येथे वैतागून महागडा फिल्टर आणतात. त्याआधी रोग्याची नाडी पाहावी. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढणारी ‘चटचट’ इग्निशनची असते. फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शीळ चार्जिंगची असते. अधूनमधून फसफसल्यासारखा आवाज आला तर तो कटआउटच्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा असतो. वायपर किंवा हॉर्न चालू असतानाच येणारा आवाज त्या त्या उपकरणाचा.

मूळ रेडिओवर खरखर येत असेल तर एरियलचा प्लग काढून पाहावा. आवाज थांबला तर खरखर एरियलमधून येत होती, तसाच राहिला तर ती विजेच्या तारेतून येत आहे. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत संकेताची तार काढून हीच परीक्षा करता येते.

इग्निशनसाठी स्पार्क प्लगवर पाच किलोओहमच्या सप्रेसर (खरखर दाबणाऱ्या) टोप्या किंवा आतच रेझिस्टर असलेले प्लग वापरावेत. प्लगच्या टोप्या बदलणे पूर्ववत करता येते आणि दिसतही नाही. इग्निशन कॉइलवर कॅपॅसिटर लावायचा असेल तर तो इग्निशन स्विचकडून वीज येते त्या टोकावर लावावा. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या, बाजूच्या टोकावर लावला तर इग्निशनच बिघडते. डायनॅमोसाठी एक मायक्रोफॅरडचा धातूच्या डबीतला कॅपॅसिटर त्याच्या जाड तारेच्या मुख्य टोकावर लावावा. डायनॅमोच्या फील्डच्या, म्हणजे ‘एफ’ लिहिलेल्या बारीक टोकावर तो कधीही लावू नये, कारण त्यामुळे कटआउटचे संपर्क जळतात. हे दोन नियम कारागिराला काम सुरू करण्यापूर्वी तोंडी सांगून ठेवावेत, आणि काम झाल्यावर स्वतः बॉनेट उघडून पाहावेत.

बॉनेट हा इंजिनावरचा पत्र्याचा पडदा आहे, पण त्याच्या बिजागऱ्या रंगाने माखलेल्या असल्याने तो बॉडीशी विजेने जोडलेला नसतो. बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये अस्तित्वातल्याच बोल्टांना विणलेल्या तांब्याची पट्टी जोडली की मीडियम वेव्हवरची खरखर लक्षणीय कमी होते. एरियलच्या बुडाचा पत्र्याशी धातूचा संपर्क आहे ना, तेही पाहावे. रंगकामानंतर तो हमखास तुटलेला असतो. शेवटी, जुन्या रेडिओला एरियल ट्रिमर नावाचा छोटा पेच असतो. साधारण १४०० किलोहर्ट्झजवळ एखादे क्षीण स्टेशन लावून आवाज सर्वांत मोठा येईपर्यंत तो हळूहळू फिरवावा. नवा एरियल बसवल्यावर ही पायरी न केल्याने चांगला रेडिओही मुका वाटतो.

८. पत्र्याला चिकटणारे काहीही लावू नका

रस्त्याचा आणि इंजिनाचा आवाज दाबण्यासाठी जमिनीवर ब्यूटिल रबराचे चिकट पत्रे लावण्याची टूम आहे. नव्या गाडीत ते ठीक असेल. जुन्या गाडीत त्या पत्र्याखाली पावसाळ्याचे पाणी अडकते आणि फरशीचा पत्रा वरून न दिसता सडत जातो. शिवाय ते काढताना रंगही निघतो. त्याऐवजी मॅटखाली सैल अंथरलेला जाड फेल्ट वापरावा, जो ओला झाला की उचलून वाळत घालता येतो. दाराच्या सैल ट्रिमचे क्लिप बदलणे आणि झिजलेली दाररबरे नवी घालणे यांमुळे जो फरक पडतो, तो चिकट पत्र्यांपेक्षा काही कमी नसतो.

९. विमा आणि नोंदवही

ॲम्प्लिफायर व स्पीकर ही कंपनीने बसवलेली नसलेली विद्युत उपसाधने आहेत. विम्यात त्यांची किंमत स्वतंत्र नोंदवून त्यावरचा हप्ता भरला नसेल, तर चोरी किंवा आगीनंतर त्यांची भरपाई मागता येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी बिले जोडून हे करून घ्यावे.

फाइलमध्ये तुमच्या नव्या वायरिंगची हाताने काढलेली आकृती ठेवावी: कोणत्या रंगाची तार कोठून कोठे जाते, फ्यूज किती अँपिअरचा, रिले कोठे लपवला आहे. त्याच आकृतीची एक प्रत ग्लव्ह बॉक्समध्ये, दोन सुट्या फ्यूजसह असावी. काढलेल्या प्रत्येक मूळ भागाला, अगदी स्क्रूलाही, पिशवीत घालून त्यावर नाव आणि जागा लिहावी. आणि गाडी कधी विकायची वेळ आली, तर त्या पिशव्या, मूळ ट्रिम व आकृती व्यवहाराच्या कागदांबरोबरच नव्या मालकाच्या ताब्यात द्याव्यात.